काचेची तार

फोन वाजला की श्यामराव चांदोरकर तो उचलतात, कानाला लावतात आणि गप्प बसतात. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करून थकला की मग म्हणतात, "बोला." त्यांची खोली भाड्याने घ्यायची म्हणून मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला वाटलं, लागलाच नाही. ठेवणार तेवढ्यात आवाज आला, "तुमच्या मागे कोण बोलतंय?"

मागे माझी आई बोलत होती. शेजारच्या खोलीत, दार लोटून.

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडण्याचं काम केलं, त्यामुळे ही सवय लागली, असं ते सांगतात. तारेवर आधी ऐकायचं. पाणी शिरलं असेल तर चुरचुर येते. दुसऱ्याची लाइन चिकटली असेल तर लांबून कुणाचं तरी बोलणं येतं. आणि कुणी चोरून ऐकत असेल तर काहीच येत नाही. आवाज नुसता थोडा लांब गेल्यासारखा वाटतो. "ते सगळ्यात वाईट," ते म्हणतात, आणि समोरच्याकडे असं बघतात की आपण उगीचच नजर चुकवतो.

घर बागबाजारच्या एका गल्लीत आहे. खालचा मजला दत्तबाबूंचा, वरचा चांदोरकरांचा, गच्चीवरची एकटी खोली दोन वर्षं माझी. माझ्या वडिलांची बँकेतली बदली नागपूरला झाली आणि माझं एम.ए. अर्धं राहिलं होतं, म्हणून मी मागे राहिले. श्यामरावांचे वडील तारखात्यात कारकून म्हणून इथे आले आणि राहिले. श्यामराव जन्मले याच गल्लीत; शहात्तर वर्षांत या गल्लीबाहेर त्यांनी सलग महिनाभरही काढलेला नाही. त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि मुलगी लीना. लीनाताई चव्वेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

खालचे दत्तबाबू श्यामरावांना बर्गी म्हणतात, म्हणजे बंगाल लुटायला आलेला मराठी स्वार. मराठी घोडेस्वारांच्या धाडी अडवायला शहराने एकेकाळी जो खंदक खणला तो इथूनच, बागबाजारापासून सुरू व्हायचा. खंदक कधीच बुजला, पण दत्तबाबूंचा विनोद बुजला नाही.

"काय बर्गीबाबू, आज कुठे लूट?" सकाळी बाजाराची पिशवी दिसली की ते विचारत.

"तुमच्याकडे लुटण्यासारखं काय ठेवलंय?" श्यामराव अस्खलित बंगालीत म्हणत. "खंदक बुजवलात, तीच चूक झाली तुमची."

दोघं हसत. आणि वर आल्यावर श्यामराव म्हणत, "आज फार गोड बोलला. काहीतरी हवं असणार."

गेल्या वर्षी पावसाळा लागता लागता लीनाताई जिथे काम करायची ती प्रवास कंपनी बंद झाली. दोन महिने ती घरी होती. मग पुण्याच्या एका आरोग्यविमा कंपनीने तिला घेतलं. महाराष्ट्रातून येणारे फोन घ्यायचे, मराठीत आणि हिंदीत. कुणाचं ऑपरेशन मंजूर झालं, कुणाचे कागद अडले, ते सांगायचं. काम घरून करता येणार होतं, पण पहिला महिना परीक्षेचा. अट एका कागदावर लिहून आली होती आणि तो कागद श्यामरावांनी तीनदा वाचला. घरातल्या संगणकाला इंटरनेट तारेनेच जोडलेलं असावं, वाय-फाय चालणार नाही. महिन्याभरात तीन वेळा पंधरा मिनिटांहून जास्त संपर्क तुटला तर घरून काम बंद. नोकरी राहील, पण पुण्याच्या कचेरीत येऊन करावी लागेल. मात्र दोष घराबाहेरचा आहे, असा इंटरनेट देणाऱ्याचा लेखी दाखला असेल तर तो खंड मोजला जाणार नाही.

"म्हणजे तिसऱ्या खेपेला पुणे," श्यामराव म्हणाले.

"तुम्हीपण याल की बाबा. पुण्यात आपली माणसं आहेत."

"तिथे मला कोण ओळखतं?"

"इथे तुम्ही ज्यांना ओळखता त्यांच्यातल्या कुणावर तुमचा विश्वास आहे?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "इथे कुणाकडे कधी बघायचं ते मला माहीत आहे. तिथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

हे मी जिन्यात ऐकलं आणि हसले. पण ते हसत नव्हते. लीनाताई गेली असती तर ते एकटे राहिले असते, कारण ते गेले नसते. हे तिघांनाही कळत होतं.

इंटरनेट घरात कसं आणायचं, यावर आठवडा गेला. लीनाताईला खिडकीत ठेवायचा डबा हवा होता. आत सिमकार्ड, वर दोन कान, भिंतीतून काही ओढायला नको. त्या डब्यापासून संगणकापर्यंत हातभर तार लावली की कंपनीची अटही पुरी. एका दुकानातून तिने तो तीन दिवस वापरून बघायला आणला. श्यामराव समोर खुर्ची टाकून बसले. वेग किती येतो ते दर अर्ध्या तासाने बघायचा आणि मला हाक मारून दाखवायचा.

"सकाळी अठ्ठावन्न होता, आता अकरा. का?"

"संध्याकाळी सगळेच वापरतात, काका."

"सगळे म्हणजे कोण?"

मी खिडकीबाहेरच्या गल्लीकडे हात केला.

"तारेत दोष असला की मी तारेवर चालत चालत दोषापर्यंत जातो," ते म्हणाले. "हवेत कुठे चालायचं? हवेतून आलेल्या गोष्टीचा माग लागत नाही."

लीनाताईने मग तिचा फोन त्यांच्यापुढे धरला आणि आसपासच्या वाय-फायची यादी दाखवली, आपण एकटेच नाही, जगभर लोक हवेवर भरवसा ठेवतात, हे पटवायला. चौदा नावं होती. एक 'मा तारा', एक 'मिष्टीमुख', एक 'हात लावू नये' अशा अर्थाचं इंग्रजी, आणि एक सरळ 'बर्गी'. ते दत्तबाबूंच्या नातवाचं काम होतं. श्यामरावांनी सगळी नावं वाचली आणि हळूच विचारलं, "ही सगळी माणसं आत्ता आपल्या खोलीत आहेत?"

डबा दुकानात परत गेला.

तार आणली ती सलील नावाच्या माणसाने. चाळिशीचा, डोक्यावर कायम रुमाल, बराकपूरहून सकाळच्या लोकलने यायचा. आमच्या गल्लीच्या खांबावरच्या तारांच्या जंजाळात त्याने एक नवी काळी तार शोधून वेगळी केली, दत्तबाबूंच्या सज्ज्यावरून वर घेतली आणि लीनाताईच्या खोलीत आणली. तिथून पुढे पिवळी बारीक दोरीसारखी तार, मग भिंतीवर पांढरा डबा, आणि डब्यातून संगणकात निळी तार. श्यामराव त्याच्यामागे तसूभर अंतर ठेवून फिरत होते. खांबावर तो चढला तेव्हा हे खाली उभे राहून सूचना देत होते. तो त्यांना मेशोमशाय, म्हणजे काका, म्हणायचा.

"जोड नीट कर हो. जोडात सगळं असतं."

"मेशोमशाय, हा जोड मी करत नाही, मशीन करतं. दोन टोकं वितळून एक होतात."

"मशीन कोण धरतं?"

सलील हसला. "मी."

"मग जोड तुझा."

तो गेल्यावर श्यामराव भिंतीसमोर उभे राहिले. उरलेल्या पिवळ्या तारेचा सलीलने ताटाएवढं वेटोळं करून खिळ्याला सैल अडकवलं होतं. दारावरून जाताना तार चौकटीपासून सुटी होती, कोपऱ्यात ढिली वळली होती.

"चार हात तार जास्तीची का ठेवली असेल?"

"पुढेमागे लागली तर, म्हणाला ना तो," लीनाताई म्हणाली.

"पुढेमागे म्हणजे कुणाला? उद्या खालच्याला इथून जोड द्यायला सोपं." मग त्या ढिल्या कोपऱ्याला बोट लावून म्हणाले, "आणि हे काम आहे? आमच्यावेळी असं ठेवलं असतं तर साहेबाने कापून टाकायला लावलं असतं."

त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. त्यात मेण लावलेला सुती दोरा, सुया, पक्कड, आणि इतर अशा वस्तू ज्यांची नावं मला कधी कळली नाहीत. एक्स्चेंजमध्ये शेकडो तारा एकत्र आवळून, कोपऱ्यावर काटकोनात वळवून, दर बोटभर अंतरावर गाठ मारत नेत असत. त्या कामाचा त्यांना अभिमान आहे. जुने लोक त्यांच्या गाठी बघायला यायचे म्हणे. त्या दुपारी त्यांनी पिवळी तार तशीच बांधली. वेटोळं मोडून चार पदरी घडी केली आणि आवळली. दाराच्या चौकटीला तार घट्ट बसवली, कोपऱ्यात पट्टी धरून काटकोन केला. लीनाताईने मला बोलावून दाखवलं. खरोखर सुंदर दिसत होतं. भिंतीवर कुणी बारीक नक्षी काढावी तसं.

"आता कुणी हात लावला तर मला कळेल," श्यामराव म्हणाले.

चौथ्या दिवशी अकरा वाजता लीनाताई साताऱ्याच्या एका बाईंशी बोलत असताना पांढऱ्या डब्यावर लाल दिवा लागला. बावीस मिनिटं गेली. मग दिवा आपोआप हिरवा झाला. तोवर त्या बाईंनी दुसऱ्या कुणाला फोन लावला होता आणि कंपनीच्या यादीत लीनाताईच्या नावापुढे एक खंड पडला होता.

श्यामराव खाली गेले. गल्लीत पूजेच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते, पण ते अजून आडवेच होते. मग त्यांची नजर दत्तबाबूंच्या सज्ज्याकडे गेली. तिथे कपडे वाळत घालायची लांब काठी असते.

"अकरा वाजता कपडे घातलेत?"

"बर्गीबाबू, आता माझे कपडेपण नेणार?"

"काठी तारेला लागली का, एवढं सांगा."

दत्तबाबू एकदम गंभीर झाले. "पन्नास वर्षं खाली राहतोय. तुमच्या बायकोच्या आजारपणात रात्र रात्र बसलोय. काठीबद्दल विचारताय?"

श्यामराव वर आले आणि म्हणाले, "सरळ नाही म्हणाला नाही. बघितलंत?" त्यांनी तार सज्ज्यापासून दूर ओढून घेतली, त्यामुळे घरात थोडी जास्त तार आली, ती घडी करून आधीच्या घडीत बांधली. दत्तबाबूंनी दुसऱ्या दिवसापासून सकाळी हाक मारली नाही.

इंटरनेटच्या कचेरीत लीनाताईने फोन केला. आता तर चालू आहे, आमच्या बाजूने दोष दिसत नाही, असं उत्तर आलं. दाखला मिळाला नाही.

दुसऱ्यांदा दिवा लाल झाला तेव्हा संशय माझ्यावर आला. तो वार मला आठवतो, कारण त्या दिवशी मी माझ्या निबंधासाठी गच्चीवरच्या खोलीत इंटरनेटवरून काही जुने अंक उतरवून घेत होते. लीनाताई घरापुरतं वाय-फाय चालू ठेवायची आणि मला त्याचा परवलीचा शब्द तिनेच दिला होता. श्यामराव वर आले. ते गच्चीवर क्वचित येत, गुडघे दुखतात. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "तुम्ही आत्ता काय करत होता?"

मी पडद्यावर दाखवलं. एक मासिक, साठ वर्षांपूर्वीचं, पिवळी पानं.

"हे वजनदार असतं का?"

"नुसता मजकूर नाही, काका. पानांची चित्रं आहेत. थोडी वजनदार असतात."

"तुम्ही खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला माहीतही नसेल." आणि वळून जाताना, अगदी हळू, "वाईट वाटून घेऊ नका. लीना जाईल हो."

मला वाईट वाटलंच. वाय-फाय बंद झालं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायला लागले. जाता येता दारातून दिसायचं, श्यामराव खुर्चीवर चढून आणखी एक गाठ मारतायत. प्रत्येक गाठीनंतर तार जरा जास्त सरळ, जरा जास्त भिंतीला चिकटलेली.

दोन खंड झाले होते. महिन्याचे नऊ दिवस उरले होते.

मग एका संध्याकाळी ते मला जिन्यात थांबवून म्हणाले, "मला वाटतं लीनाच करते."

"काय करते?"

"तार काढते. वीसेक मिनिटं काढायची, परत लावायची. कोण बघतंय?"

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. परवा तिचा पुण्याच्या मैत्रिणीला, वैशालीला, फोन चालू होता. हे दाराबाहेर होते. ती म्हणाली, "खोली बघून ठेव गं. सांगता येत नाही." आणि मग हसली.

"हसली म्हणजे कशी?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर स्वतःचा राग आला. मीही त्यांच्यासारखं ऐकायला लागले होते.

"हलकी," ते म्हणाले. "बऱ्याच वर्षांत तशी हसली नव्हती."

त्यानंतर ते तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. तिच्या पाठीकडे बघत. ती दिवसभर बोलायची: हो काका, कागद मिळाले, नाही ताई, डॉक्टरांचा शिक्का लागेल, घाबरू नका. लोकांशी बोलताना तिच्या आवाजात जी माया यायची ती घरात बोलताना यायची नाही. घरात ती म्हणायची, "बाबा, उजेड अडतोय."

तिसऱ्यांदा दिवा लाल झाला तो शनिवार होता. मी घरी होते. श्यामराव दारातच बसले होते, लीनाताईचे दोन्ही हात टेबलावर होते, आणि दिवा त्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली, तास गेला. या वेळी तो हिरवा झालाच नाही. लीनाताईने कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. श्यामराव मात्र तो पुन्हा पुन्हा वाचत होते.

बारा वाजता सलील आला. खांबावर जाऊन आला, म्हणाला, बाहेर सगळं ठीक आहे, प्रकाश इथपर्यंत येतोय. मग त्याची नजर भिंतीवर गेली. तो जवळ गेला. एका गाठीवरून त्याने बोट फिरवलं.

"हे कुणी बांधलं?"

"मी," श्यामराव म्हणाले. "का?"

सलीलने खिडकीच्या झडपा लावून घेतल्या, दिवा मालवला. खोलीत भरदुपारी अंधार झाला. खिशातून त्याने पेनासारखं काहीतरी काढलं आणि तारेच्या टोकाला लावलं.

भिंतीवर लाल ठिपके उमटले. दाराच्या वर दोन, चौकटीच्या कोपऱ्यावर एक, खिळ्यापाशी त्या घट्ट घडीत चार. तारेतून जाणारा उजेड प्रत्येक वळणावर बाहेर सांडत होता. जिथे जिथे काटकोन होता तिथे तिथे. मी मोजले, सात होते. श्यामरावही मोजत असावेत, त्यांचे ओठ हलत होते.

"हात फार चांगला आहे तुमचा, मेशोमशाय," सलील म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पण हे तांबं नाही. ही काच आहे. हिला दुमडलं की उजेड पुढे जात नाही. म्हणून तर मी सैल ठेवली होती."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही सांगू दिलंत कुठे? तुमचं सगळं लक्ष माझ्या जोडावर होतं."

झडपा उघडल्या. उजेडात ते ठिपके दिसेनासे झाले आणि भिंतीवर पुन्हा ती सुबक नक्षी उरली. श्यामराव खुर्चीवर बसले. त्यांनी लीनाताईकडे बघितलं नाही. मग बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

सलीलने पिशवीतून कार्बन घातलेलं पावतीपुस्तक काढलं. "दाखला हवाय ना तुम्हाला, दीदी?"

"दोष कुठे होता, ते लिहावं लागेल," ती म्हणाली. "घरात की बाहेर."

घरात लिहिलं तर तीन पुरे झाले होते. सलीलने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं.

"मी असं लिहितो," तो म्हणाला, "की खांबावरचा जोड सैल होता. बसवल्यापासून. म्हणजे आधीच्या दोन्ही खेपा त्यातच येतील."

"तो जोड तुझा आहे," श्यामराव म्हणाले.

"हो."

"सैल नव्हता."

"नव्हता."

"मग तुझे साहेब तुला काय म्हणतील?"

"बोलतील थोडं. बोलू दे. सहा महिन्यांत एक जोड कुणाचाही बिघडतो."

"माझा नाही बिघडला. चौतीस वर्षांत." हे ते जोरात म्हणाले नाहीत. मग डोळे बारीक करून विचारलं, "तुला यात काय मिळणार?"

सलील पहिल्यांदा जरा चिडला. "चहा मिळाला तर चहा. नाही तर तसाच जातो."

मी चहा ठेवायला गेले. स्वयंपाकघरातून त्या खोलीतलं सगळं ऐकू येतं. पेन चालल्याचा आवाज आला. सलीलने लिहिलेलं वाचून दाखवलं. श्यामराव म्हणाले, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचलं. जोडणी श्यामरावांच्या नावावर होती, सही त्यांचीच लागणार होती. मी पातेल्यातल्या पाण्याकडे बघत वाट बघत होते, आणि माझी खात्री होती की आता ते म्हणतील, फाड तो कागद.

चहा घेऊन आले तेव्हा कागदावर सही झाली होती. पूर्ण नाव, ठसठशीत, खाली रेघ.

सलीलने गाठी कापल्या. मेणाच्या दोऱ्याचे तुकडे जमिनीवर पडत गेले. तार मोकळी झाली, त्याने तिचं टोक छाटून नवं बसवलं, पुन्हा ताटाएवढं वेटोळं केलं. दिवा हिरवा झाला. जाताना तो श्यामरावांच्या पाया पडायला वाकला तसे ते पाय मागे घेत म्हणाले, "नको, नको." मी त्यांना इतकं घाईने काही बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

लीनाताई संगणकाशी काहीतरी करत होती. मी दोऱ्याचे तुकडे गोळा करत होते. श्यामराव म्हणाले, "तुला जायचं होतं का?"

तिने वळून बघितलं नाही. "हो."

"तार कधी काढलीस?"

"नाही, बाबा. एकदाही नाही." मग म्हणाली, "काढावी, असं दोनदा वाटलं."

"मग मघाशी त्याला थांबवलं का नाहीस? खरं लिही म्हणायचं."

"तुम्ही थांबवाल असं वाटलं. आयुष्यभर सगळ्यांना थांबवत आलात. कुणी खोटी ओळ लिहिली तर तुम्हाला झोप यायची नाही." ती आता वळली होती. "तुम्ही सही केली नसती तर मी गेले असते. आणि मी सोडून गेले असं मला कुणी म्हणालं नसतं. मीसुद्धा नाही."

मला तिथून निघून जायचं होतं, पण दारात श्यामरावांची खुर्ची होती.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. "कागद इथेच आहे. मी सलीलला बोलावून घेतो. दुसरा लिहू."

"त्याचा फोटो काढून पाठवला मी कंपनीला. तुम्ही त्याला 'नको, नको' करत होता तेव्हा."

"पाठवलास?"

"हो."

"दाखव."

लीनाताईने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. आधी वेळ वाचली, मग पत्ता, मग सलीलची ओळ, मग स्वतःची सही. बोटाने एकेक शब्दाखालून जात वाचलं. खात्री पटायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर ती खुर्ची मागे सरकवून, हात मांडीवर ठेवून, त्यांचं वाचून होण्याची वाट बघत बसून राहिली.

"जेवून घे," ते शेवटी म्हणाले. "दोनला तुझे फोन सुरू होतील."